इग्बो व्यापाऱ्यांची ‘इग्बा-बोई’ पद्धत, देवधर्म आणि पैसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आफ्रिकेतली देशी संस्कृती आणि धर्म तिथल्या आर्थिक प्रगतीला हातभार लावतात की खीळ घालतात, हा प्रश्न असा मोघम विचारला की उत्तरही मोघमच मिळतं. आफ्रिकेत पन्नासहून अधिक देश आहेत, आणि दोन गावांची रीत एक नसते. म्हणून इथे आम्ही एकच समाज आणि त्याची एकच पद्धत हाती घेतली आहे: नायजेरियातल्या इग्बो लोकांची पोराला धंद्याला लावण्याची रीत. आमचं मत आधीच सांगून टाकतो. या पद्धतीचं खरं भांडवल पैसा नाही, दिलेला शब्द पाळायला लावणारी माणसं हे आहे. ती माणसं बाजूला झाली की पद्धत कोसळते. पुढची बहुतेक उत्तरं या ना त्या वाटेने तिथेच येतात.

इग्बो लोक कोण? ते राहतात कुठे?

नायजेरियाच्या आग्नेय भागात. अनाम्ब्रा, इमो, आबिया, एनुगू आणि एबोन्यी ही पाच राज्यं मुख्यतः त्यांची. डेल्टा आणि रिव्हर्स राज्यांतही बरीच वस्ती आहे. धंद्यासाठी मात्र ते लागोसपासून कानोपर्यंत आणि नायजेरियाबाहेरही पसरलेले आहेत.

एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. ‘इग्बो एन्वे एझे’, म्हणजे इग्बोंना राजा नसतो, अशी त्यांच्यात म्हण आहे. न्री आणि ओनित्शा अशी राजपदाची ठिकाणं होती, पण बहुतेक गावांचा कारभार गावसभा, समवयस्कांचे गट आणि ‘उमुन्ना’ बघत. उमुन्ना म्हणजे आपल्याकडची भावकी: एका मूळ पुरुषाचे वंशज, त्यांची सामाईक जमीन आणि त्यांचे वडीलधारे. शिपाई किंवा दरबार नसताना कुणी शब्द मोडला तर त्याला जाब विचारायचं काम याच भावकीकडे असे. व्यापारातला विश्वासही तिथूनच आला.

‘इग्बा-बोई’ म्हणजे नेमकं काय?

मुलगा एखाद्या व्यापाऱ्याकडे ठरावीक वर्षं राहून काम करतो. त्या काळात त्याला पगार नसतो. राहणं, जेवण, कपडे आणि दवापाणी धनी बघतो. मुदत पुरी झाली की धनी त्याला भांडवल देऊन त्याचं बस्तान बसवून देतो. धन्याला ‘ओगा’ म्हणतात आणि मुलाला ‘न्वा बोई’. ‘बोई’ हा इंग्रजी शब्दच इग्बोत रुळला आहे. शेवटी बस्तान बसवून देण्याला सगळे ‘सेटलमेंट’ किंवा ‘फ्रीडम’ म्हणतात.

याच्या दोन भावंड पद्धती आहेत आणि त्यांची सरमिसळ करू नये. ‘इमू आहिया’ म्हणजे व्यापार शिकणं. यात मुलाचं घर धन्याला शिकवण्याचे पैसे देतं, मुदत थोडी असते आणि शेवटी भांडवल मिळत नाही. ‘इमू ओरू’ म्हणजे कारागिरी शिकणं: शिवणकाम, वेल्डिंग, गाडीदुरुस्ती. तिथेही बहुधा फी असते. शेवटच्या भांडवलाची अट खरी फक्त इग्बा-बोईत असते, आणि सगळा पेचही तिथेच आहे.

करार कसा ठरतो? कागद असतो का?

बहुतेक ठिकाणी कागद नसतो, साक्षीदार असतात.

धनी बहुधा त्याच गावचा किंवा नात्यातला असतो. तो डिसेंबरात गावी आला की मुलाचे आईवडील किंवा मामा-काका त्याच्याकडे शब्द टाकतात. मग दोन्हीकडचे वडीलधारे बसतात. कोला नावाचं बी मांडलं जातं, ताडीची वा बाटलीची दारू ठेवली जाते आणि प्रार्थना होते. त्यानंतर बोलून घ्यायच्या गोष्टी अशा: मुदत किती (साधारण 5 ते 7 वर्षं, मुलगा लहान असेल तर जास्त), शाळा पूर्ण करायची की नाही, आजारपणात कोण बघणार, गावी कधी सोडणार, मुलगा मध्येच पळाला तर काय आणि धन्याने मध्येच काढला तर काय. शेवटच्या दोन गोष्टी बोलायला लोक संकोचतात. पुढची बहुतेक भांडणं नेमकी याच दोन गोष्टींवरून होतात.

सेटलमेंटचा आकडा सहसा या बैठकीत ठरत नाही. धन्याचा धंदा सात वर्षांनी कुठे असेल हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून तो त्याच्या ‘माणुसकीवर’ सोडला जातो.

मुलगा एवढी वर्षं करतो काय?

पहिल्या वर्षी तो दुकानात कमी आणि घरात जास्त असतो. पाणी भरणं, धुणं, मुलांना शाळेत सोडणं, पहाटे गाळा उघडून झाडणं, माल उतरवणं. बाहेरच्याला ही नुसती राबवणूक वाटते, आणि काही घरांत ती असतेही. पण धनी या काळात मुलाला पारखत असतो. सुटे पैसे परत येतात का? सांगितलेला निरोप जसाच्या तसा पोहोचतो का?

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मालाची ओळख होते. सुट्या भागांच्या दुकानातला मुलगा बेअरिंग हातात घेऊनच ते कुठल्या गाडीचं, अस्सल की नक्कल, हे सांगू लागतो. भाव पाठ होतात. भाव दोन असतात, एक गिऱ्हाइकाला सांगायचा आणि एक ज्याच्या खाली उतरायचं नाही असा.

मग येते ‘ओसो आहिया’. गिऱ्हाइकाने मागितलेला माल आपल्याकडे नसेल तर मुलगा त्याला बसवून ठेवतो, बाजारात धावत जाऊन दुसऱ्या गाळ्यातून माल उचलून आणतो, आपला थोडा नफा चढवून विकतो आणि मूळ किंमत त्या गाळेवाल्याला नेऊन देतो. स्वतःचा छदामही न घालता नफा कसा काढायचा, याचं हे रोकडं शिक्षण. दुसरा व्यापारी त्याला माल उधार देतो तो केवळ धन्याच्या नावावर. मुलाला पहिल्यांदा पत मिळते ती अशी उसनी, आणि ती सांभाळता आली की पुढे स्वतःची होते.

शेवटच्या दोन वर्षांत मुलगा रोकड सांभाळतो, घाऊक खरेदीला जातो आणि नव्या पोरांना शिकवतो. धनी परगावी गेला तर दुकान त्याच्यावर असतं.

सेटलमेंटमध्ये काय काय मिळतं?

भरभक्कम सेटलमेंटमध्ये रोख रक्कम, गाळ्याचं एक-दोन वर्षांचं भाडं, सुरुवातीचा माल (काही दिलेला, काही उधारीवर), घाऊक व्यापाऱ्यांशी ओळख आणि काही गिऱ्हाइकंसुद्धा असतात. दोन्ही घरच्या माणसांसमोर धनी रक्कम हातात ठेवतो आणि आशीर्वाद देतो.

नवख्याला रोख रक्कम मोठी वाटते. जाणता माणूस उधारीचा माल आणि ओळख यांनाच जास्त मोल देतो. रोख संपते. पण घाऊकवाल्याने ‘हा अमक्याच्या हाताखालचा आहे’ म्हणून महिनाभर माल सोडला, तर तेवढ्यावर धंदा उभा राहतो.

धनी आपणच आपला प्रतिस्पर्धी का उभा करतो?

हा प्रश्न आम्हाला सर्वात जास्त विचारला जातो.

हिशोबाने बघितलं तर त्यात धन्याचाही फायदा आहे. पाच-सात वर्षं बिनपगारी, विश्वासू हात मिळतात. मुलगा बाहेर पडल्यावर बहुधा धन्याकडूनच घाऊक माल उचलतो. मोठा ऑर्डर आला की जुने न्वा बोई मिळून तो पुरा करतात. एका धन्याने चोवीस वर्षांत सहा-सहा वर्षांचे चार मुलगे बसवले आणि त्या प्रत्येकाने पुढे तसंच केलं, तर एका बाजारात एकमेकांना ओळखणारी, एकमेकांना माल सोडणारी पन्नास दुकानं होणं अवघड नाही.

पण एवढ्यानं भागत नाही. कारण शेवटच्या वर्षी मुलाला काढून टाकण्यातला फायदा नेहमीच जास्त असतो. तरी बहुतेक धनी शब्द पाळतात, कारण नाव राखायचं असतं. इग्बो समाजात माणसाचा मोठेपणा त्याने किती जण ‘उभे केले’ यावर मोजतात. ‘ओन्ये आघाना न्वान्ने या’, म्हणजे आपल्या भावंडाला मागे टाकून कुणी पुढे जाऊ नये. ‘एग्बे बेरे, उगो बेरे’, म्हणजे घारही बसो, गरुडही बसो. फांदीवर दोघांना जागा असो. ज्याने आपल्या पोरांना उपाशी हाकललं, त्याच्याकडे पुढच्या वेळी गाव मूल पाठवत नाही, आणि भावकीच्या बैठकीत त्याच्या शब्दाला वजन राहत नाही.

यात धर्म कुठे येतो? इग्बो तर ख्रिस्ती आहेत ना?

हो, आज बहुसंख्य इग्बो ख्रिस्ती आहेत. ओनित्शाला 1857 मध्ये अँग्लिकन मिशन आलं आणि 1885 मध्ये कॅथलिक. रविवारी चर्च भरलेलं असतं. पण व्यवहारातल्या बऱ्या-वाईटाच्या कल्पना ‘ओदिनानी’ या जुन्या धर्मातून आलेल्या आहेत, आणि मूर्ती गेली तरी त्या टिकून आहेत.

‘ची’ हे प्रत्येकाचं स्वतःचं दैवत, त्याच्या वाट्याचा ईश्वरी अंश. ‘ओन्ये क्वे, ची या एक्वे’: माणूस हो म्हणाला की त्याची चीही हो म्हणते. नशिबावर हवाला ठेवून बसणाऱ्या समाजात अशी म्हण तयार होत नाही.

‘इकेंगा’ ही शिंगं असलेली लाकडी मूर्ती, उजव्या हाताच्या बळाची, म्हणजे कर्तबगारीची. पूर्वी कर्ता पुरुष ती घरात ठेवून कोला आणि कोंबडा वाहत असे. तिच्याबद्दलची म्हण फार बोलकी आहे: काम न देणारी इकेंगा फोडून तिचं सरपण करावं. देवालासुद्धा फळाचा हिशोब द्यावा लागतो.

‘आला’ किंवा ‘आनी’ म्हणजे धरतीमाता. चोरी, विशेषतः शेतातल्या यामकंदाची चोरी, हा तिचाच अपराध. ‘ओफो’ हा सत्याचा दंड. ओफोच्या झाडाची फांदी तोडत नाहीत, आपोआप गळून पडलेली घेतात. भावकीतला वडीलधारा तो हातात धरून बोलला की त्या शब्दाला देवाची साक्ष लागते.

‘ओझो’ ही मानाची पदवी घ्यायला खर्च मोठा होतो, पण नुसता पैसा पुरत नाही. तो स्वच्छ मार्गाने आलेला हवा आणि पुढे खोटं बोलायचं नाही. संपत्तीला प्रतिष्ठा मिळण्यासाठी आधी तिची झडती देण्याची ही रीत होती. आज पैसे मोजून वाटल्या जाणाऱ्या मानाच्या पदव्यांनी तिचं मोठं नुकसान केलं आहे.

आठवडा खरंच चार दिवसांचा असतो का?

हो. एके, ओरिये, आफो आणि न्क्वो. चार दिवसांचा एक ‘इझू’, सात इझूंचा एक महिना. गावोगावचे बाजार या दिवसांवर वाटलेले असतात, म्हणून बाजाराच्या नावातच वार येतो: न्नेवीचा न्क्वो, औकाचा एके. हे वार दैवतंही आहेत. व्यवहारात याचा फायदा असा की शेजारच्या चार गावांचे बाजार एकमेकांवर येत नाहीत आणि फिरता व्यापारी रोज नव्या बाजारात उभा राहू शकतो. मोठ्या शहरांत आता बाजार रोज भरतो.

बँक नाही, कर्ज नाही. मग पैसा उभा कसा राहतो?

‘इसुसू’तून. मराठी वाचकाला एका शब्दात सांगायचं तर भिशी. दहा जण, प्रत्येकी आठवड्याला 10,000 नायरा (नायजेरियाचं चलन). दर आठवड्याला एकाला 1,00,000 मिळतात आणि दहाव्या आठवड्यात फेरी पुरी होते. शेजारच्या योरुबा समाजात हीच ‘एसुसू’. गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर ती अटलांटिक ओलांडून गेली आणि त्रिनिदादमध्ये ‘सूसू’ म्हणून आजही चालते. योरुबांचा ‘आलाजो’ दारोदार फिरून रोजची ठेव जमा करतो आणि महिन्यातली एका दिवसाची रक्कम मेहनताना म्हणून ठेवतो.

इसुसू बुडते ती जवळजवळ एकाच कारणाने: सुरुवातीलाच पैसे उचललेला माणूस पुढचे हप्ते भरत नाही. म्हणून नव्या सभासदाला शेवटचा नंबर देतात आणि त्याला आणणाऱ्याला जामीन धरतात. ओळखीच्या बाहेरची माणसं भरली की ही तटबंदी ढासळते.

पैशाशिवायही भांडवल फिरतं. शेळी सांभाळायला देऊन करडं वाटून घेण्याची रीत तिथेही आहे. आपल्याकडे अर्धलीने देतात तशीच.

ही पद्धत 1970 नंतर एवढी का फोफावली?

नायजेरियातून फुटून वेगळा देश म्हणून उभ्या राहिलेल्या इग्बोबहुल पूर्व भागाचं, म्हणजे बियाफ्राचं, युद्ध 6 जुलै 1967 ला सुरू झालं आणि 15 जानेवारी 1970 ला इग्बोंच्या पराभवात संपलं. लाखो माणसं मेली, त्यातली बरीच उपासमारीने. त्यानंतर बियाफ्राच्या काळात व्यवहार झालेल्या बँक खात्यांवर, शिल्लक कितीही असो, सरसकट 20 पौंड दिले गेले. हजारो पौंड असलेल्यालाही वीसच. पोर्ट हारकोर्टमधली इग्बोंची घरं ‘बेवारस मालमत्ता’ ठरली. 1972 मध्ये परदेशी कंपन्यांचे शेअर नायजेरियन लोकांना विकत घेण्याची संधी आली, तेव्हा यांच्या हातात पैसाच नव्हता.

अशा वेळी ज्याचं एक दुकान उभं राहिलं त्याने भावकीतली पोरं हाताखाली घेतली. बँक, सरकार आणि जमीन, तिन्हीकडून हात रिकामे असताना जी एक गोष्ट कुणी हिरावून नेऊ शकलं नव्हतं, ती कामाला आली. ओनित्शाचा मुख्य बाजार, आबाचा आरियारिया, लागोसमधला विद्युत वस्तूंचा आलाबा आणि वाहनांच्या सुट्या भागांचा लाडिपो हे बाजार अशाच पोरांनी भरलेले आहेत.

यातून कारखानदारी उभी राहते का, की नुसतीच खरेदी-विक्री?

न्नेवी बघावं. हे शहर सुट्या भागांच्या व्यापारावर वाढलं. इथले व्यापारी आधी स्वतःच्या नावाचे छाप टाकून तैवानमधून भाग बनवून आणत. 1980 च्या दशकात आयात अवघड झाली तेव्हा त्याच ओळखीतून तैवानी तंत्रज्ञ आणि यंत्रं आणून त्यांनी तिथेच कारखाने काढले. वीज आणि पाणी त्यांना स्वतःच उभं करावं लागलं. इनोसंट चुक्वुमा यांची सुरुवातही न्नेवीत मोटरसायकलच्या भागांपासून झाली. मोटरसायकली सुट्या करून आणायच्या आणि इथे जोडायच्या, यातून त्यांनी किंमत खाली आणली. त्यांच्या इनोसन कंपनीच्या न्नेवीतल्या वाहन कारखान्याचं उद्घाटन 2010 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते झालं.

महाराष्ट्राचा धागा इथे खराखुरा आहे. नायजेरियाच्या रस्त्यांवरच्या भाड्याच्या मोटरसायकली आणि ‘केके’ म्हणतात त्या तीनचाकी यांत बजाजच्या गाड्या फार मोठ्या संख्येने आहेत. त्यांचे सुटे भाग हा तिथल्या अनेक न्वा बोईंचा रोजचा धडा असतो.

पद्धत फसते कुठे?

सर्वात दुखरी जागा शेवटचं वर्ष. सेटलमेंट तोंडावर आली की मुलावर चोरीचा आळ येतो आणि त्याला हाकललं जातं. सात वर्षांचं काम मातीत जातं. मुलाकडे पगाराची पावती नाही, कराराचा कागद नाही. त्याचा शब्द विरुद्ध धन्याचा. गावातले वडीलधारे हयात असतील तर दाद लागते. शहरात, अनोळखी धन्याकडे, दलालामार्फत लागलेल्या मुलाला कुणीच वाली नसतो. हा अन्याय आहे आणि ‘परंपरा’ म्हणून त्यावर पांघरूण घालू नये.

उलट बाजूही आहे. रोकड हातात आलेला मुलगा हळूहळू पैसे बाजूला काढू लागतो. त्याचं एक कारण हेच, की शेवटी काही मिळेल याची त्याला खात्री उरलेली नसते. एकाचा अविश्वास दुसऱ्याचा वाढवतो.

तिसरी गोष्ट महागाई. 2023 च्या जूनमध्ये नायराचा दर बाजारावर सोडला आणि त्याची किंमत झपाट्याने घसरली. आधी कबूल केलेल्या रकमेत आता निम्माही माल येत नाही. म्हणून आकडा ठरवायचाच तर नायरात न ठरवता मालात ठरवावा: अमुक मालाच्या इतक्या पेट्या, अमुक मापाच्या गाळ्याचं दोन वर्षांचं भाडं.

आणि वय. बारा-तेराव्या वर्षी शाळा सोडून गेलेला मुलगा हिशोबात पक्का होतो, पण कागद वाचायला कच्चा राहतो. नायजेरियाचा 2003 चा बालहक्क कायदा मूलभूत शिक्षण सक्तीचं करतो. माध्यमिक शाळा संपवून मगच मुलगा पाठवणं हेच योग्य, आणि आता बरीच घरं तसंच करतात.

उधारी वसूल करायला देवाची शपथ घालतात हे खरं का?

खरं आहे, आणि ही बाजू अंधारी आहे. जुन्या कालाबारमध्ये एफिक लोकांची ‘एक्पे’ ही गुप्त संस्था कर्जबुडव्याच्या दारात येऊन त्याचा व्यापार बंद पाडत असे. आरोचुक्वूचे व्यापारी ‘इबिनी उक्पाबी’ या कौल देणाऱ्या देवस्थानाच्या दरार्‍यावर दूरवरचे रस्ते आणि उधारी सांभाळत. पण त्याच देवस्थानाच्या निवाड्यात दोषी ठरलेली माणसं गुलाम म्हणून विकली जात. 1901-02 मध्ये इंग्रजांनी मोहीम काढून ते उद्ध्वस्त केलं. श्रद्धेने व्यापाराला विश्वास दिला आणि त्याच श्रद्धेने माणसांचा बाजारही मांडला, या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणच्या आहेत.

अलीकडचं उदाहरण ओकिजाचं. 2004 मध्ये अनाम्ब्रातल्या या देवस्थानावर पोलिसांनी छापा घातला तेव्हा मृतदेह, कवट्या आणि येऊन गेलेल्यांच्या नोंदवह्या सापडल्या. लोक देण्याघेण्याचे तंटे घेऊन तिथे शपथेला जात. न्यायालयात वर्षानुवर्षं लागतात, देवस्थानाची भीती लगेच काम करते, म्हणून ही गर्दी.

झटपट पैशासाठीच्या ‘ओके इते’चं काय?

ओके इते म्हणजे मोठं मडकं. धनप्राप्तीच्या तोडग्याचं नाव. अलीकडे तरुणांत याचं वेड शिरलं आहे. इकेंगाची शिकवण कष्टाची, हा तोडगा कष्ट टाळण्याचा. जुन्या धर्माचं नाव घेत असला तरी त्याच्या उलट्या दिशेने जाणारा. 2025 मध्ये अनाम्ब्रा राज्याने कायदा करून त्याच्यावर बंदी घातली.

मुली आणि बायका कुठे आहेत?

इग्बा-बोईत मुली फारच कमी, आणि हा या पद्धतीचा मोठा दोष आहे. त्या शिवणकाम, केशरचना अशा इमू ओरूत जातात, तिथे फी भरावी लागते आणि शेवटी भांडवल मिळत नाही.

पण बाजार बायकांचाच होता आणि पुष्कळ अंशी आहे. 1929 च्या नोव्हेंबरात ओलोको गावात बायकांवर कर बसणार अशी शंका आली. पामतेलाचे भाव आधीच उतरले होते. बाजारांच्या जाळ्यातून ताडाच्या कोवळ्या पानांबरोबर निरोप गावोगाव गेला आणि हजारो बायका इंग्रजांनी नेमलेल्या मुखियांविरुद्ध उभ्या राहिल्या. गोळीबारात पन्नासहून अधिक बायका मारल्या गेल्या. निरोप पोहोचवणारं ते जाळं कुणी चळवळीसाठी विणलेलं नव्हतं, ते रोजच्या खरेदी-विक्रीचं होतं.

मुलींना वडिलांच्या मालमत्तेत वाटा न देण्याची इग्बो रूढी नायजेरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये घटनाबाह्य ठरवली. गावात तो निकाल अजून पुरता पोहोचायचा आहे.

‘ओसू’ म्हणजे काय? त्याचा पैशाशी काय संबंध?

देवाला वाहिलेल्या माणसांचे वंशज. त्यांना वेगळं ठेवलं गेलं. 1956 मध्ये नायजेरियाच्या तेव्हाच्या पूर्व विभागाच्या कायद्याने ही प्रथा रद्द झाली, पण सोयरिकीच्या वेळी आजही चौकशी होते. जिथे भांडवल नात्यागोत्यातून मिळतं, तिथे नात्याबाहेर ठेवलेला माणूस भांडवलाबाहेरही राहतो.

कमावलेला पैसा गावी परत येतो का?

‘आकू रुओ उलो’, म्हणजे संपत्ती घरी पोहोचली पाहिजे. शहरातल्या गावकऱ्यांच्या संघटना वर्गणी काढून शाळा, रस्ते, दवाखाने बांधतात. ऑगस्टमध्ये गावच्या बायका आपली सभा भरवतात आणि डिसेंबरात सगळे गावी येतात. इमो राज्यातल्या ओवेरीचा विमानतळ लोकवर्गणीच्या बळावर उभा राहिला आणि 1994 मध्ये सुरू झाला.

याचा तोटाही आहे. गावात बांधलेलं मोठं घर वर्षातले पन्नास आठवडे कुलूपबंद राहतं आणि तेवढं भांडवल धंद्यातून बाहेर जातं.

आफ्रिकेत इतरत्र अशी उदाहरणं आहेत का?

भरपूर. दक्षिण आफ्रिकेत ‘स्टॉकवेल’, इथिओपियात ‘एक्कुब’ या भिशीच. घानाच्या किनाऱ्यावर मंगळवारी समुद्रात जायचं नाही हा देवाचा नियम, ज्यात जाळी दुरुस्त होतात आणि माशांनाही उसंत मिळते. केनियाच्या किनाऱ्यावरची मिजिकेंडा लोकांची ‘काया’ वनं म्हणजे देवरायाच. 2008 पासून ती जागतिक वारसा आहेत.

एखाद्या संस्थेला किंवा सरकारला ही पद्धत उचलायची असेल तर?

वरचा सांगाडा उचलून चालत नाही. ‘मुलाला शिकवा, शेवटी पैसे द्या’ एवढंच घेतलं तर ती साधी प्रशिक्षण योजना होते, आणि पैसे हातात पडले की मुलगा दिसेनासा होतो. आधी मुलाच्या आणि धन्याच्या दोघांच्या ओळखीची माणसं शोधावीत: गावकरी संघटना, बाजारसमिती, चर्च. करार दोन पानी, इग्बो आणि इंग्रजीत, दोन्ही बाजूंच्या साक्षीदारांच्या सह्यांसह करावा. वर्षातून एकदा साक्षीदारांसमोर हिशोब व्हावा, म्हणजे चोरीचा आळ शेवटच्या वर्षी अचानक उगवणार नाही. सेटलमेंटची रक्कम दर वर्षी थोडी थोडी तिसऱ्याच्या हाती जमा करावी. मध्येच वाटा फुटल्या तर झालेल्या वर्षांच्या प्रमाणात मुलाचा वाटा ठरवून ठेवावा. ही शेवटची अट धन्यांना आवडत नाही, पण तिच्याशिवाय बाकीच्या अटी लटक्या पडतात.

इग्बो व्यापाऱ्याकडे बोलणी करायला जाणार आहे. काय लक्षात ठेवू?

आधी कोला येईल. घाईघाईने भावावर येऊ नका. यजमान बशी पुढे करतो, ती बसलेल्यांमध्ये फिरून परत त्याच्याकडे येते, वडीलधारा प्रार्थना म्हणतो आणि मग बी फोडतात. पाकळ्या मोजल्या जातात. चार निघाल्या तर चार बाजारवारांची खूण म्हणून सगळे खूश होतात. चव कडू असते, तरी तुकडा घ्या. ‘कोला आणणारा आयुष्य आणतो’ असं ते म्हणतात. प्रार्थना चालू असताना मध्ये इंग्रजीत बोलू नका. कोलाला इंग्रजी कळत नाही, असं तिथे मानतात, म्हणून लागोसच्या वातानुकूलित कार्यालयातसुद्धा ती प्रार्थना इग्बोतच होते.